टू-स्ट्रोकचं गिऱ्हाईक

"चालवणार का?"

फोन उचलला की आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न हाच. नाव नाही, गाव नाही, कुठून बोलताय नाही. पलीकडचा माणूस गोंधळून जायचा. मोटरसायकल विकत घेणारा ती चालवणार नाही तर काय तिचं लोणचं घालणार? मलाही आधी तसंच वाटायचं. पण जुन्या टू-स्ट्रोकच्या बाजारात चालवणारं गिऱ्हाईक किती दुर्मीळ झालंय, ते मला गाडी विकायला काढल्यावरच कळलं.

आमची गाडी मूळची साधी, कामावर जायची. हे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात साचे बसवणारे डाय-फिटर. सुट्टीच्या दिवशी खाली पार्किंगमध्ये बसून त्यांनी तिला पार सोलून काढली. मडगार्ड उंच केलं, सायलेन्सर वर वळवला, दातेरी टायर घातले, सीट कापून एका माणसापुरती केली. मग डोंगरी गावाकडच्या टेकाडांवर दगडधोंड्यांतून तिला चढवायचे आणि डबक्यातून उठलेल्या म्हशीसारखे घरी यायचे. मी त्यांना जिन्यातच अडवायची. "आधी ते बूट बाहेर!" म्हणून माझा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जायचा. माझी नणंद त्या गाडीला माझी सवत म्हणते. मी म्हणते, सवत निदान स्वयंपाकाला तरी हातभार लावते.

मग ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. धक्के बंद, किक मारणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. तरी हे रोज सकाळी खाली जायचे, ताडपत्री काढून गाडीवर फडका मारायचे, परत ताडपत्री घालायचे आणि वर येऊन बसायचे. जेवताना गप्प, टीव्हीसमोर गप्प. मी मुद्दाम भांडण उकरून काढलं तरी गप्प! ज्या माणसाशी जन्मभर वाद घातला तो असा मुका झाल्यावर काय होतं, ते ज्याचं त्यालाच माहीत.  शेवटी मीच म्हटलं, "विकून टाका ती. नजरेआड झाली म्हणजे सुटाल."

"विकेन," ते म्हणाले, "पण चालवणाऱ्यालाच."

मला काय, कुणालाही द्या. गाडी जावी आणि माझा माणूस परत यावा, एवढंच मला हवं होतं.

जाहिरात टाकली आणि फोनांचा पाऊस पडला. बाई गं, काय काय नमुने! काशीमीऱ्याच्या एका हॉटेलवाल्याला ती भिंतीवर टांगायची होती, खाली दिवे लावून. एकाला नुसते पार्ट हवे होते, कारण असे पार्ट आता सोनं शोधल्यासारखे शोधावे लागतात. एकाला रील बनवायला हवी होती. एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे अशा बऱ्याच आहेत, हॉलमध्ये ठेवतो, धुळीचा कण बसू देत नाही. ह्यांनी फोन ठेवून मला समजावलं, आणि तेवढ्यापुरते बोलले म्हणून मीही कान देऊन ऐकलं. परदेशात डोंगरात चालवायच्या टू-स्ट्रोक आजही नव्या निघतात. वजनाला हलक्या, मूठ पिळली की उसळतात. आपल्याकडे धुरामुळे त्या कधीच बंद झाल्या. म्हणजे आहेत तेवढ्याच. त्या जशा कमी होतात तसा भाव चढतो, आणि भाव चढला की चिखलात घालायला कुणी धजत नाही.

"म्हणजे नाकापेक्षा मोती जड," मी म्हटलं. ह्यांनी मान डोलावली आणि फडका घेऊन खाली गेले.

अखेर एक मुलगी आली. डोंगरीची, कोळ्यांच्या घरातली, वडिलांच्या मासळीसाठी बर्फाचा टेम्पो चालवणारी. तिने आधी इंजिनावर तळवा ठेवला. या धंद्यात तशी रीतच आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी विकणाऱ्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर थंड इंजिन सुरू होत नाही हे तो लपवतोय असं समजायचं. "गरम न्हाय केलीत," ती हसून म्हणाली. ह्यांनी त्यांचा प्रश्न विचारला तर म्हणाली, "काका, चालवायची न्हाय तं घेऊ कशाला? आमच्या मागच्या टेकडीवर चढवायची हाय."

ह्यांचा चेहरा असा उजळला की मी आत जाऊन आधी चहात साखर जास्त घातली. गाडी तिने किक मारून सुरू केली, निळा धूर सोडत खाडीच्या रस्त्याला लागली. आम्ही गेटपाशी उभे. आवाज लांब गेला, वळला, आणि मधेच तुटला.

बऱ्याच वेळाने ती गाडी ढकलत आली. घामाने निथळत होती बिचारी. इंजिन जाम झालं होतं. ह्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यात पेट्रोल कुणी भरलं?"

मला एकदम आठवलं. आदल्या दिवशी तळमजल्यावरचे फरसाणवाले शेजारी गाडी मागायला आले होते. त्यांची स्कूटर बंद, आणि काशीमीऱ्याला माल पोचवायचा होता. हे झोपले होते, मी चावी दिली. संध्याकाळी चावी परत देताना शेजारी छाती फुगवून म्हणाले होते, "भाभी, टाकी फुल करके लाया हूँ!"

कपाळ माझं! आता त्या माणसाला बोलणार तरी काय? आमच्या दोन घरांत कुणाचंही भांडं कुणाकडे रिकामं परत जात नाही. मी कोळंबीचं लोणचं देऊ शकत नाही त्यांना, पण खोबऱ्याच्या वड्या दिल्या तर डबा ढोकळा घेऊन येतो, आणि काहीच नसलं तर चमचाभर साखर. त्यांनी गाडीलाही तोच न्याय लावला. फक्त टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, ते नसलं तर पिस्टन आतल्या आत घासून जाम होतो, हे नव्या स्कूटरवाल्याला कुठून ठाऊक असणार? पूर्वी पंपावर विचारायचे तरी, ऑइल किती टाकू म्हणून. आता विचारणाराही गेला.

शेजारी धावत आले, कान पकडले, भरून द्यायची भाषा करायला लागले. माझी जीभ वळवळत होती, पण हे मधे पडले. "चुकलं काहीच नाही तुमचं. भरून आणलंत. रिकामी आणली असती तर मला राग आला असता." इतकं लांब वाक्य त्यांनी कित्येक दिवसांत उच्चारलं नव्हतं.

मला वाटलं, झालं, पोरगी निघून जाणार आणि ही धोंड परत आमच्याच गळ्यात. पण ती उकिडवी बसून इंजिन बघत होती. "काका, उघडू या? मना हीच पायजे."

पुढचे काही रविवार आमच्या पार्किंगची पार रया गेली. हे स्टुलावर ताठ बसून सांगायचे, ती हात काळे करायची. मधेच ओरडा, "अगं, तो नट नको, आधी इंजिनाचं डोकं खोल!" मी गॅलरीतून ऐकायची. ओरडत होते हो! मला इतकं बरं वाटलं की दोघांना पोहे नेऊन दिले आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने तेलाच्या डागांबद्दल तोंड उघडलं तेव्हा त्याला मीच गप्प केलं. काशीमीऱ्याहून सिलिंडर आतून कातून, म्हणजे बोअर करून आणला, नवा पिस्टन बसला, गाडी सुरू झाली. मग ती मुलगी चावी घ्यायलाच तयार नाही.

"नवीन पिस्टन हाय. आधी सपाट रस्त्यावर हळूहळू चालवून इंजिन मोकळं करायला लागंल. मी चालवली तं मूठ पिळल्याशिवाय ऱ्हाणार न्हाय. रनिंग-इन तुमीच करा, काका."

ह्यांनी चावी मुठीत धरली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना गाठलं. सपाट रस्ता, हळू, किक दुसऱ्याने मारायची आणि सोबत कुणीतरी हवं, असं ठरलं. सीट एकाचीच, तेव्हा मी रिक्षातून मागे! रोज सकाळी फरसाणवाले शेजारी हाफ पँटमध्ये येऊन किक मारायचे, जणू आरतीचा मान त्यांचा. मग पुढे हे, मागे माझी रिक्षा. रिक्षावाला वैतागून म्हणायचा, "आंटी, इससे तेज तो पैदल पहुँचोगे." मी म्हणायची, "आपको मीटर से मतलब है ना? चलो चुपचाप." आधी आमच्या जेसल पार्कातच फेऱ्या मारल्या, मग खाडीचा रस्ता, मग एकदा थेट डोंगरीपर्यंत. खड्डा दिसला की हे असे अलगद वळायचे, की मागून बघताना माझाच श्वास मोकळा व्हायचा. घरी आले की क्लचबद्दल बोलायचे, हवेबद्दल बोलायचे, आमटीत मीठ कमी आहे म्हणायचे. आणि मी उलटून बोलायची. सुख सुख म्हणतात ते आमच्याकडे असं येतं.

एका सकाळी त्यांनी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून कान देऊन ऐकलं आणि खिशातून फोन काढला. डोंगरीला लावत होते.

"अहो," मी रिक्षातूनच म्हटलं, "अजून थोडं रनिंग-इन बाकी असेल ना?"

"नाही गं. इंजिन मोकळं झालं. आता तिला सपाट रस्त्यावर ठेवायची नाही." आणि फोनवर म्हणाले, "पोरी, ये. घेऊन जा."