मखमली गादीवरचा लॅपटॉप

मंडईत गवार निवडत होतो आणि फोन वाजला. पडद्यावर अरविंदचं नाव. पावसाळाभर अबोला होता आमचा, तोही एका लॅपटॉपपायी. म्हटलं, आला शेवटी ताळ्यावर! फोन कानाला लावला आणि तो काही बोलायच्या आत सुनावलं, "काय रे, पळायला लागला का तुझा डबा?" पलीकडे वहिनी होत्या. "भाऊजी... हे गेले हो. सकाळी चहा घेता घेता..." पुढचं काही मला ऐकू आलं नाही. भाजीची पिशवी तिथेच राहिली.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की! पण महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही, तेव्हा आधी तो.

आम्ही एकाच कारखान्यात होतो. तो ड्रॉइंग ऑफिसात, मी नव्याने आलेल्या कॉम्प्युटरच्या खोलीत. त्या काळचं वारंच तसं होतं. आज बाहेरची कंपनी भागीदार, उद्या नवं मशीन, परवा माणसं जास्त झाली म्हणून कपात. ड्रॉइंग बोर्ड भंगारात निघाले तेव्हा याने आपला बोर्ड रिक्षात घालून घरी नेला आणि चाळिशी उलटल्यावर माझ्याशेजारी बसून माउस धरायला शिकला. पुढे कारखाना बंद पडला. हा घरबसल्या लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढू लागला, मुलाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर. नकाशा उघडेपर्यंत चहा उकळून गाळून व्हायचा. "माझं पोट आहे रे याच्यावर," तो म्हणाला. नवा घे म्हटलं, तर "चालती वस्तू टाकायची? काय टाटा-बिर्ला आहे का मी?" मग मीच एक वेगवान प्रोसेसर शोधून आणला आणि बसवला.

आणि लॅपटॉप आधीपेक्षा हळू चालायला लागला! अहो, काय करायचं बाकी ठेवलं मी? पंखा साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट पुसून नवी लावली, विंडोज पुन्हा टाकली. येरवड्याला माझ्या घरी, लोखंडी टेबलावर, हे यंत्र घोड्यासारखं पळायचं. याच्या घरी नेलं, की थोड्या वेळात तापून बसकण मारायचं. मी म्हटलं, "तुझ्या घरातच काहीतरी आहे." तो म्हणाला, "मग दत्तक घे त्याला." शेवटच्या भेटीत तर थेट अहो-जाहोवर आला. "आपल्याच्याने होत नसेल तर तसं सांगावं. लोकांच्या धंद्याचं वाटोळं करू नये." मी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो. तीच आमची शेवटची भेट.

परवा वहिनींनी बोलावलं. कुणा गिऱ्हाइकाचा नकाशा लॅपटॉपमधून काढून द्यायचा होता. त्या घरात टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. लॅपटॉपला तर वहिनींनी जुन्या मखमलीची, कापूस भरलेली मरून गादी शिवली होती, टेबल टोचू नये म्हणून. ती गादी मी शंभरदा पाहिली असेल. पण पाहतो कोण हो असल्या गोष्टी? सवयीने बटण दाबलं... आणि लॅपटॉप सुसाट! नकाशा असा समोर. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तरी थकेना.

मी तो उचलून पाहिला. गादी होती तिथेच होती, पण वर एक पातळ फळी होती, त्याच्या जुन्या ड्रॉइंग बोर्डाची, लॅपटॉपच्या मापाने कापलेली. फळीवर चार कोपऱ्यांना खोकल्याच्या औषधाची चार बुचं चिकटवलेली, त्यावर लॅपटॉप. खालून वारा खेळायला जागा. आणि फळीच्या कडा गादीच्याच मरून रंगाने इतक्या बेमालूम रंगवलेल्या, की हात लावल्याशिवाय कळू नये.

म्हणजे याला सापडलं होतं! त्या मऊ गादीत खालची जाळी बुजायची, नव्या प्रोसेसरने यंत्र जास्तच तापायचं आणि मग तो आपणहून वेग कमी करायचा. माझा प्रोसेसर निर्दोष होता, हे माहीत होतं याला. गाढवा, मग एक फोन नाही करता आला? मी काय शिव्या दिल्या असत्या? दिल्याच असत्या! आणि दुसऱ्या दिवशी चहाला आलो असतो की नाही?

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. "चालतोय ना हो? अलीकडे अगदी छान चालायचा. हे म्हणायचे, तुझ्या गादीचा गुण. मला म्हणाले, दिवाळीला त्याला बोलावतो आणि दाखवतो..." बोलता बोलता त्यांनी गादीची सुरकुती सारखी करायला हात पुढे केला.

"गादीचाच गुण, वहिनी," मी म्हणालो आणि फळी हलू नये म्हणून लॅपटॉप दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो.