काळ्या फोटोतले ठिपके

शंकर नगरातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करताना सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला कॉलेजची लॅब आठवते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर झाकण लावून फोटो काढला तर तो निव्वळ काळा यायला हवा. सेन्सर वाचणारं सर्किट प्रत्येकाने आपापलं बनवायचं होतं; माझ्या सर्किटमधून त्यावर पांढरे ठिपके उमटायचे. ते दबावेत म्हणून मी ॲम्प्लिफायरचा करंट वाढवत गेलो, तर बोर्ड तापला आणि ठिपके आणखीच वाढले. शेजारच्या टेबलावरची वर्गमैत्रीण म्हणाली, "काहून एवढा करंट देऊन राहिला? तापला ना तो." ती प्रत्येक पिक्सेल आधी रिकामा वाचायची, मग भरलेला, आणि पहिल्यातला गोंधळ दुसऱ्यातून वजा करायची, मधल्या वेळात ॲम्प्लिफायर बंद, म्हणजे बोर्ड तापायचाच नाही. सर तिच्या स्क्रीनवर वाकून म्हणाले, "हव, याले म्हणते काळं." माझ्या टेबलाकडे ते आलेच नाहीत. ती चहाला गेल्यावर मी तिच्या बोर्डावर हळूच बोट ठेवलं, निदान गरम तरी लागेल म्हणून. गार होता. काल तिने कॉलेजच्या ग्रुपवर मुलीच्या वाढदिवसाचा फोटो टाकला, दिवे मालवून मेणबत्त्या लावलेला. सगळ्यांनी पोट्टीला आशीर्वाद दिले. मी केकमागचा अंधारा कोपरा मोठा करून पाहत बसलो. एकही ठिपका नव्हता.