तो आधी मॅडमना सांगायचा

गुरुवारी संतोष दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आरोग्यकेंद्रात गेला आणि पाच मिनिटांत परत आला. दारातच बसला. "मृणाल मॅडम गेल्या गं... हार्ट अटॅक." स्वतःची आई गेली तेव्हाही माझा नवरा असा रडला नव्हता. त्याला जवळ घेताना माझ्या मनात पहिलं आलं ते हेच. लाज वाटते, पण आलं खरं.

कामावर पाठीला मार लागला, दुखणं थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या गोळ्यांवरून संतोष गर्दच्या नशेवर गेला. सहा वर्षं मी बालवाडीत शिकवून घर चालवलं, त्याचे खिसे तपासले, मुलीच्या शपथा घातल्या. माहुलहून रोज लांबच्या इस्पितळात व्यसन सोडवायच्या औषधाला जायचं म्हणजे कामाचा खाडा. दोनदा सुरू केलं, दोनदा सुटलं. मग आमच्या वसाहतीतल्या केंद्रात व्हिडिओवर डॉक्टर मिळाल्या. मॅडम बोरिवलीला स्वतःच्या घरी, संतोष इथे. त्यांनी लिहून दिलेली गोळी नर्स रोज समोर बसवून जिभेखाली ठेवायला लावायची. दर गुरुवारी मॅडमशी बोलणं. आणि काय बोलायचा! मला दिवसभरात 'हो' आणि 'नको'. तिथे अर्धा तास. बंद दाराबाहेर मला त्याचं हसू ऐकू यायचं... ते कधीचं विसरले होते मी.

चार महिन्यांनी तो एकदा घसरला, गर्दकडे वळला. मॅडमना लगेच सांगितलं. मला दोन दिवसांनी, तेही त्यांनी 'सांग' म्हटलं म्हणून. पुढच्या गुरुवारी मी तडक आत शिरले. "सहा वर्षं मी काढली, आणि हा सगळं तुम्हाला सांगतो! तुम्ही कोण?"

मॅडमनी चष्मा काढला. "मंगल, मला सांगणं सोपं आहे गं. मी रागावले तर तो फोन बंद करेल. तुझ्यासमोर त्याला जेवायला बसायचं असतं."

मी दार ओढून बाहेर आले. राग मात्र गेला नाही. वर्ष झालं, संतोष पुन्हा गर्दला शिवला नाही, तरी गेला नाही.

परवा आम्ही त्यांच्या घरी जाऊन आलो. स्वयंपाकघराला लागून छोटं टेबल, त्यावर मिटलेला लॅपटॉप. त्यांची बहीण म्हणाली, "दुपारी मला कुकर लावू द्यायची नाही. शिटीत पेशंटचं ऐकू येत नाही म्हणायची." आम्ही होतो तेव्हाही दुपारच होती. गॅस बंदच होता.

परतताना बसमध्ये संतोष आपणहून बोलायला लागला, त्या घसरलेल्या दिवसाबद्दल. कोण भेटलं, पैसे कुठून आणले, सगळं. मध्येच म्हणाला, "हे मॅडमना माहीत होतं."

मला पुन्हा टोचलंच. म्हटलं, "असू दे रे. पुढे सांग."