पुढची यष्टी

“प्रेमळ होता, हे ठेवा बाजूला. तो करतो काय, ते सांगा.” आमच्या वरवंडच्या शाळेतले मराठीचे सर हे म्हणताना चष्मा कपाळावर चढवायचे. शेजारच्या वर्गात मी भूगोल शिकवायचो. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांची ती जुनी कादंबरी मलाही पाठ झाली.

मुलं गाईड घोकून यायची. कादंबरीतला थोरला भाऊ त्यागी, कष्टाळू, मनमिळाऊ वगैरे. सर तिन्ही शब्दांवर काट मारायचे. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, त्यो समद्यांचं झाल्यावर जेवतो. भाकरी उरली न्हाई तर पानी पिऊन उठतो.”

“हां. आता माणूस दिसला,” सर म्हणाले. अशा उत्तराला बोर्डात मार्क कोण देणार, ही धास्ती आम्हा बाकीच्यांना. त्यांना नव्हती.

संध्याकाळी आम्ही दोघं हायवेवर दौंडच्या यष्टीला थांबायचो. यष्टी दिसली की मी धावायचो, घरी चहाचं आधण ठेवलेलं असायचं. सर म्हणायचे, “व्हा पुढं, मी पुढचीनं येतो.” त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. शिरूरकडच्या मूळ गावीही कुणी उरलं नव्हतं. गर्दीचा कंटाळा असेल, असं मी आपलं धरून चाललो होतो.

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभात हेडमास्तरांनी त्यांना कर्तव्यदक्ष म्हटलं, मी मनमिळाऊ म्हटलं. सर चष्मा कपाळावर चढवून मिश्किल हसत होते. मग दहावीतली एक मुलगी उठली. वस्तीवर जायला ती आमच्याच स्टॉपवर उभी असायची.

“सर डबा खिडकीकडं तोंड करून खात्यात,” ती म्हणाली. “सांच्याला यष्टी आली की पुढचीनं येतो म्हणत्यात. रिकामी आली तरी सोडत्यात.”

सरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “आता माणूस दिसला,” एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी ती मुलगीही स्टॉपवर होती. पहिलीच यष्टी आली ती खच्चून भरलेली. हार-नारळ सांभाळत सर आत घुसू लागले. मागची येईल की, असं मी म्हणालो.

“नको, घरी वाट बघत असतील,” सर म्हणाले. मी शेजारीच होतो, पण ते तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले.

यष्टी गेली. पोरीच्या तोंडावर हसू आलं. मी पुढची येईपर्यंत तिच्याकडं बघितलं नाही.