गठ्ठा की बठ्ठा

पिंप्राळ्यातून स्कूटर काढून जामनेरच्या रस्त्याला लागलं की आजकाल शाळा येऊच नये असं वाटतं. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, आणि दोन्हींना मिळून मी एकटी. इतकी वर्षं झाली, पण दशक आणि एककाच्या पलीकडे माझी बदली काही झाली नाही. गुडघे कुरकुरतात, तरी फरशीवर बसून आइस्क्रीमच्या काड्या मोजायच्या, दहा झाल्या की रबर लावायचं आणि विचारायचं, "गठ्ठे किती? सुट्ट्या किती?" हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन, घरच्यांनी अजून सांगितलेलं नाही एवढंच.

दुसरीतली एक मुलगी या प्रश्नापाशी हटकून अडायची. समोर दोन गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या ठेवून विचारलं, "गठ्ठे किती?" की ठणकावून सांगायची, "तेवीस!" पुन्हा विचारा, तेवीस. आवाज चढवून विचारा, तरी तेवीसच, फक्त डोळ्यांत पाणी. तिची आई लोकांच्या शेतात कामाला जाते. एकदा ती दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तिना डोकामा काही शिरत नही. आते तपासनीमा बी मांगे ऱ्हायनी, ते मी तिले कापूस येचाले लई जासू." म्हणजे येत्या तपासणीत मागे पडली, तर शाळा बंद आणि कापूस वेचणी. ती चिडून बोलत नव्हती. थकली होती, माझ्यासारखीच. चिडली असती तर समजूत घातली असती. या थकलेल्या आवाजाची मात्र मला भीती वाटली.

उलगडा झाला तो मधल्या सुट्टीत. कुणीतरी बोरं आणली होती आणि ही पोरगी ओंजळ पोटाशी धरून ओरडत होती, "बठ्ठा मनाच! बठ्ठा मनाच!" म्हणजे सगळी माझीच. माझ्या आईच्या तोंडी हा शब्द उठता-बसता असायचा. आम्ही शहरात आलो, शिकलो, आणि तो गावीच राहिला. व्हरांड्यात डबा खाता खाता माझा घास हातातच राहिला. मी गठ्ठा म्हणत होते, ती बठ्ठा ऐकत होती. सगळ्या काड्या किती? तेवीस. बरोबरच होतं की तिचं! मला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी मी गठ्ठ्याला रजा दिली, मेथीची जुडी वर्गात आणून दाखवली आणि दहा-दहा काड्यांनाही जुडीच म्हटलं.

"जुड्या किती?"

"दोन."

"सुट्ट्या?"

"तीन."

"आणि बठ्ठ्या?"

"तेवीस!"

ती अशी काही हसली की त्या दिवशी मी घरी जाताना गाडीवर चक्क गाणं गुणगुणत गेले.

मग तपासणी आली. साहेब धुळ्याकडचे, बोलणं मात्र अगदी छापील. प्रश्न त्यांच्या मोबाइलवर आलेले. मी आधीच विचारलं, "साहेब, गठ्ठ्याऐवजी जुडी म्हणाल का?"

"मॅडम, शब्द बदलता येत नाही. आणि तुम्ही मध्ये बोलू नका."

त्यांनी तीन गठ्ठे आणि चार काड्या मांडल्या. "गठ्ठे किती?"

ती थांबली. काड्यांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "गठ्ठा की बठ्ठा?"

मला वाटलं, जिंकली पोरगी. साहेबांना मात्र ती चेष्टा वाटली. त्यांनी डोळे वटारले, बाकीची मुलं फिदीफिदी हसली, आणि तिचा चेहरा पडला.

"चौतीस," ती पुटपुटली.

साहेबांनी मोबाइलवर बोट टेकवलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

तपासणी संपली तसा त्यांचा फोन वाजला. घरचा असावा. "हां, आठलं बठ्ठं आटपनं. निंघस मी," ते म्हणाले. कोपऱ्यात मान खाली घालून काड्या आवरत बसलेल्या तिनं वर पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, सायबले बी बठ्ठा येस!" साहेबांनाही आमचा बठ्ठा येतो तर!

मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले आणि सगळं सांगितलं. ते जरा ओशाळले. पण म्हणाले, "आता भरून गेलं, मॅडम. पुढच्या वेळी बघू." आणि गाडीला किक मारून गेले.

शाळा सुटताना तिची आई आली. ओढणीसारखा गळ्यात गुंडाळलेला रुमाल, त्याला कापसाचे धागे चिकटलेले. "काय व्हयनं, बाई?" मोबाइलमध्ये काय गेलं ते मला ठाऊक होतं. दशक, एकक, शब्द, साहेब, हे सगळं समजावून सांगायला अंगात जीव उरला नव्हता. आणि मग जी बोली मी पिंप्राळ्यात कधी बोलत नाही, तीच तोंडातून बाहेर पडली.

"माय, तिले बठ्ठं येस."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "बठ्ठं?"

"बठ्ठं."

तिनं मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला अडकवलं. "मंग सोमवारे धाडसू तिले," ती म्हणाली.