मान मागे टाकणारी बाहुली

आमच्या गल्लीतले लॉरीचे मेस्तरी कुणालाच नाही म्हणत नाहीत. मान हलवतात, "सरी, राव", म्हणजे तमिळीत 'बरं, राव', म्हणतात आणि कामाला लागतात. माझ्या भाताच्या लॉरीला जास्त जोर यावा म्हणून मोठा टर्बो हवाच, असा हट्ट मी धरला तेव्हाही तसंच झालं.

"टर्बो इंजिनाच्या धुरावर फिरतो," एवढंच ते म्हणाले. "मोठ्याला धूरही जास्त लागतो. चढावर तेवढा मिळेल ना?"

मिळेल म्हणालो. त्यांनी बसवला.

पोती भरून निघालो तेव्हा ते शेजारी बसले आणि काचेपाशी मान डोलावणारी आपली तंजावूरची बाहुली ठेवली. "जोर आला की ही मान मागे टाकेल."

कालव्याच्या पुलाचा चढ लागला. मी पाय दाबून धरला. मागे काळा धूर, पुढे बाहुली नुसती थरथरत होती. एक म्हातारे सायकल हातात धरून चालत आम्हाला मागे टाकून गेले. पूल संपला, उतार लागला, तेव्हा कुठे टर्बोचा जोर आला, आणि बाहुलीनं झोकात मान मागे टाकली.

"ही पण नाही म्हणत नाही, राव," मेस्तरी म्हणाले. "फक्त हो केव्हा म्हणते, ते बघायचं."

जुना टर्बो त्यांनी निघतानाच माझ्या सीटमागे ठेवला होता, गोणपाटात नीट गुंडाळून.