गप्प बसलेला कर्नल

छापखान्यात त्यांना सगळे कानसेनबाई म्हणत. गाणाऱ्यांत तानसेन सापडतो, ऐकणाऱ्यांत कानसेन सापडायला भाग्य लागतं, असं एकदा बांधणी खात्यातला म्हातारा बाइंडर म्हणाला, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ब्रेल छापणाऱ्या यंत्राचा एखादा दट्ट्या जरा ढिला झाला, की बाई दोन खोल्या पलीकडून हाक मारत, "अहो, तिसरा दट्ट्या बघा, अर्धवट आपटतोय." आणि बघावं तर खरोखर तिसराच.

बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी त्या इथे मुद्रितशोधक म्हणून लागल्या. शेजारी बसलेल्या वाचकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि बाईंनी छापलेल्या ठिपक्यांवरून बोटं फिरवत चुका धरायच्या, हे काम. पुढे छापखान्यात संगणक आला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला लांबूनच नमस्कार केला. बाईंनी त्याच्यावर हात ठेवला. त्याच्या आतल्या कारभाराची जाडजूड माहितीपुस्तिका त्यांनी स्वतःच ब्रेलमध्ये छापून घेतली. अकरा खंड झाले, कपाटाचा अख्खा कप्पा भरला. त्यातला चौथा खंड त्यांनी इतक्यांदा वाचला, की काही पानांवरचे ठिपके झिजून सपाट झाले.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. छपाईचं यंत्र बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता, आणि नव्या संगणकांना त्या यंत्राची भाषा कळेना. तेव्हा बाईंनी दोघांमध्ये बोलणारा दुभाषी लिहिला. इंजिनिअर लोक त्याला ड्रायव्हर म्हणतात. दोन वर्षं, रोज जेवणाच्या सुट्टीत, थोडा थोडा. कागदोपत्री त्या मुद्रितशोधकच राहिल्या.

यंदा परीक्षेला अकरा दिवस उरले असताना संगणकाने राम म्हटला. आतलं मुख्य पॅनेलच जळलं. अंध विद्यार्थ्यांच्या शाळांना प्रश्नपत्रिका पुरवणारा हा एकच छापखाना. दोनशे बारा मुलं बोटं तयार ठेवून बसलेली. नवा संगणक सोमवारी सकाळी आला, पण जुना कर्नल त्याच्यावर चालेना.

कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. पडदा, कळफलक, आवाज, छपाई, सगळ्यांना तो कामं वाटून देतो. जुन्या कारभाऱ्याला नवं घर ओळखू येईना, म्हणून बाई नवा बांधायला बसल्या. घरी त्यांनी आईला तसं सांगितलं, तर शिवणयंत्रावर पाय थांबवून आई म्हणाली, "अगं, लष्करातला माणूस तुझ्याकडे कशाला आलाय? आणि बांधून ठेवलंस होय त्याला?" बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

सोमवारी कर्नल तयार झाला, छपाईचा दुभाषीही तयार झाला, एक पान छापूनही निघालं. खोट एवढीच राहिली, की संगणकाचा आवाज अडखळत होता. बाईंना पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज तो. तोच शब्द खाऊ लागला, तर काम कसं व्हायचं? म्हणून मंगळवारी सकाळी त्यांनी कर्नलची एक-दोन कलमं बदलली, तो पुन्हा बांधला आणि संगणक चालू केला.

काहीच नाही. पंखा घुमत होता, पण रोज सुरुवातीला वाजणारे दोन सूर नाहीत, आवाज नाही. बाईंनी श्वास धरून शंभरपर्यंत मोजलं. मग व्यवस्थापकांना हाक मारली.

"साहेब, कळफलकावरचे दिवे बघता जरा?"

"दोन दिवे लुकलुकतायत, बाई. दोन्ही एकदम."

ते दोन दिवे म्हणजे कर्नलने हात वर केल्याची खूण. "पडद्यावर काय लिहिलंय?"

साहेबांनी चष्मा सावरला आणि एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी तेवढ्या दिसत होत्या. वरच्या सगळ्या सरकून गेल्या होत्या आणि कळफलक दगड झाला होता.

"यातनं काही कळलं?" साहेबांनी विचारलं.

"पडलेल्या मुलाचं रडणं ऐकू येतंय, साहेब. पाय कुठे अडकला ते वर राहिलं."

दुपारी संगणक देणाऱ्या दुकानाचा इंजिनिअर आला. तिशीचा, चटपटीत, बोलण्यात नम्र. त्याने पडद्याचा फोटो काढला, मोठा करून पाहिला आणि बोट ठेवलं. "मॅडम, इथे तुमच्या छपाई ड्रायव्हरचं नाव दिसतंय. कुणी लिहिलाय हा?"

"मी."

त्याने छपाई यंत्र जिच्यातून जोडलेलं होतं ती चकती, म्हणजे कार्ड, संगणकातून काढलं आणि संगणक चालू केला. दोन सूर वाजले, आवाज स्वच्छ बोलला, एकही शब्द न खाता.

"बघा," तो म्हणाला. "कार्ड काढलं की सगळं ठीक. ड्रायव्हर जुना, यंत्र जुनं. वाईट वाटून घेऊ नका, पण आता नवं यंत्र मागवावं. तीन महिन्यांत येईल."

"परीक्षा आठ दिवसांवर आहे," साहेब म्हणाले.

दोन वर्षांच्या जेवणाच्या सुट्ट्या कुणीतरी एका वाक्यात केरात काढल्यासारखं बाईंना झालं. पण राग आला की हात चुकतो, हे त्या मुद्रितशोधनात शिकल्या होत्या. त्यांनी ओढणीला हात पुसले.

"तुमचं म्हणणं बरोबर असेल," त्या इंजिनिअरला म्हणाल्या. "पण चोरी झालेल्या घरात जो सापडला तोच चोर, असं नसतं. मला सगळी हकिगत ऐकायची आहे. पहिल्या ओळीपासून."

"ती तर वाहून गेली, मॅडम."

"पडद्यावरून गेली. दुसरी वाट देऊ तिला."

बुधवारी सकाळी बाई अडगळीच्या खोलीतून एक जुना लॅपटॉप आणि नऊ टाचण्यांच्या तोंडाची एक केबल घेऊन आल्या. ती त्यांनी बोटांनी चाचपूनच शोधली होती. कर्नल आपलं बोलणं पडद्यावर दाखवतो, तसंच केबलमधून दुसऱ्या संगणकाकडेही पाठवू शकतो. फक्त त्याला आधी तसं सांगून ठेवावं लागतं. कार्ड बाहेर असताना संगणक बोलत होताच. बाईंनी सुरुवातीच्या सूचनांत एक ओळ लिहिली, संगणक बंद केला, कार्ड स्वतःच्या हाताने खाचेत बसवलं आणि केबल जोडली. लॅपटॉपसमोर त्यांची ब्रेल पट्टी होती. पडद्यावरची ओळ तिच्यावर ठिपक्यांनी उमटते.

इंजिनिअर पुन्हा आला होता. खरं तर आज त्याचं इथे काही काम नव्हतं. तो मागे हात बांधून उभा राहिला.

"चालू करा," बाई म्हणाल्या.

संगणक सुरू झाला, पुन्हा मुका झाला, दोन दिवे पुन्हा लुकलुकू लागले. पण या खेपेला मरता मरता तो सगळं बोलून गेला होता. तीनशे चाळीस ओळी लॅपटॉपमध्ये नीट जमा झाल्या होत्या.

बाई वाचायला बसल्या. पट्टीवरून बोटं सरकत होती, कळ दाबली की खालच्या टाचण्या बारीक टकटक करत बदलत होत्या. अर्धा तास गेला.

मग बाईंची बोटं एका ओळीवर थबकली. त्या परत अगदी वर गेल्या, पहिल्या ओळीवर. पुन्हा खाली आल्या. आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"काय झालं?" इंजिनिअर पुढे झाला.

"कर्नल आल्या आल्या आपली जन्मवेळ सांगतो. काय लिहिलंय?"

त्याने लॅपटॉपवर वाकून वाचलं. "मंगळवार, सकाळी अकरा चाळीस."

"आता दोनशे अठ्ठ्याऐंशीवी ओळ वाचा. माझा दुभाषीही आल्यावर आपली जन्मवेळ सांगतो. मीच तसं लिहून ठेवलंय."

"सोमवार, दुपारी चार दहा." तो थांबला. एकदम सरळ उभा राहिला. "तुम्ही कर्नल दुसऱ्यांदा बांधलात..."

"आणि दुभाषी पहिल्यांदाचाच राहिला. कलमं बदलल्यावर कर्नलच्या आतल्या घरांची मापं बदलली. आवृत्ती तीच, नाव तेच, म्हणून दारावर त्याला कुणी हटकलं नाही. आत गेला आणि जुन्या मापाने हात घातला, तो भलत्याच फडताळात." बाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, अंग नव्या मापाचं बेतलं आणि बाह्या कालच्या मापाच्या जोडल्या, तर सदरा उसवणारच. माझी आई हे झोपेतही सांगेल."

"म्हणजे दोष ड्रायव्हरचा नाही," इंजिनिअर हळूच म्हणाला.

"नाही. यंत्राचाही नाही आणि कार्डाचाही नाही. चूक माझी. कर्नल बदलला की दुभाषीही नव्याने बांधायचा, हे चौथ्या खंडात आहे, आणि ते पान मला पाठ आहे. आवाज अडखळतोय म्हणून घाई केली."

हे त्यांनी इतक्या सरळ मानेने सांगितलं, की चूक कबूल करणं हीसुद्धा मिरवण्यासारखी गोष्ट असते असं साहेबांना तिथल्या तिथे वाटून गेलं. तसं ते नंतर कित्येकांना सांगत.

कार्ड काढून बाईंनी संगणक चालू केला. दुभाषीचे सगळे जुने तुकडे पुसून टाकले, एकही शिल्लक नाही याची दोनदा खात्री केली आणि तो मुळापासून बांधला. दहा मिनिटंही लागली नाहीत. कार्ड पुन्हा खाचेत गेलं.

पंखा घुमला. बाईंनी मान जराशी कलती केली. एक सूर. दुसरा सूर. "तयार," आवाज म्हणाला. आणि पाठोपाठ शेजारच्या खोलीतून छपाई यंत्राने दट्ट्यांची एक सलामी ठोकली, खट खट खटाखट, अशी की बाइंडर हातातली सुई टाकून दारात आला.

"सगळे दट्टे जागेवर आहेत ना हो?" त्याने थट्टेने विचारलं.

"सगळे," बाई म्हणाल्या. "बाराच्या बारा."

इंजिनिअर जायला निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "मॅडम, माझ्याकडे असाच एक संगणक आठवडाभर मरून पडलाय. आम्ही सगळे शेवटच्याच ओळी वाचत बसलोय. ती केबल कशी जोडायची, ते मला दाखवाल?"

"बसा," बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली. "पण डोळे मिटून शिकायचं. माझी शिकवायची तीच पद्धत आहे."

तो खरंच डोळे मिटून बसला. नवव्या टाचणीपर्यंत तीनदा चुकला, चौथ्यांदा बरोबर आला.

त्या दुपारपासून शनिवारपर्यंत यंत्र थांबलं नाही. मोहोरबंद गठ्ठे एकेका शाळेच्या नावाने निघत गेले. शेवटचा गठ्ठा बांधण्याआधी बाईंनी रिवाजाप्रमाणे त्यातलं वरचं पान तपासायला घेतलं, गणिताचं. सातव्या प्रश्नावर बोट थांबलं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशे नव्वद होत होती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "परीक्षा मंडळाला फोन लावा. ही चूक मात्र माझ्या हातची नाही."